घेतलेल्या भाकरीचा हिशेब

गेल्या डिसेंबरात आमच्या बी.ए.च्या तुकडीचा मेळावा झाला. १९९१ साली आम्ही कॉलेजमधून बाहेर पडलो, त्यानंतर पहिल्यांदाच सगळे एकत्र जमलो. कॉलेज सातारा जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते कुठल्याही कॉलेजात घडू शकतं. शिवाय त्यात दोष असलाच तर तो कॉलेजचा नाही, आमचा आहे.

सकाळी चहा-पोहे झाले. गळ्यात नावाचे बिल्ले अडकवले, कारण कुणाचे केस गेलेले, कुणाचं पोट पुढे आलेलं, बिल्ला वाचल्याशिवाय ओळख पटेना. जुन्या सरांना शाल-श्रीफळ दिलं. दोन सर आता नाहीत, त्यांच्यासाठी उभं राहिलो. मग जेवणाआधी एकानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, "ज्या कॉलेजनं आपल्याला घडवलं त्याला आपण काय देणार, ते आज ठरवू या." आणि तो एकेकाचं नाव घेऊन आकडे वाचू लागला. पाच लाख, सभागृहासाठी. एक्कावन्न हजार. पंचवीस हजार. अकरा हजार. प्रत्येक आकड्याला टाळ्या. माझे एकवीसशे होते. त्यालाही टाळ्या पडल्या, पण त्या कवीला पडतात तशा.

माझ्या शेजारी वसतिगृहातला माझा जुना खोलीमित्र बसला होता. तो वडाप चालवतो, म्हणजे गावाकडून तालुक्याला माणसं नेणारी जीप. आकडे अकरा हजारांच्या खाली यायला लागले तसा तो उठला. "भाई, गाडी नाक्यावर लावलीय, बघून येतो," म्हणाला. तो परत आला नाही. जेवणाच्या पंगतीत त्याचं पान मी बराच वेळ धरून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. शिकून बाहेर पडलेल्यानं शाळा-कॉलेजला परत द्यायचं, ही रीत कुठून आली? आणि परत द्यायचं म्हणजे नेमकं कुणाचं काय परत द्यायचं? बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. कवितेच्या नादानं तो मागे पडला, पण सुटला नाही. म्हणून त्या प्रश्नाचा माग काढत जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगतो.

मेळावा भरवायचा आणि त्यात तुकडीनं मिळून निधी द्यायचा, ही पद्धत आपल्याकडे अमेरिकेतून आली. तिथल्या येल विद्यापीठात १८९० साली माजी विद्यार्थ्यांचा निधी सुरू झाला. दरवर्षी प्रत्येकानं यथाशक्ती काहीतरी द्यावं, अशी त्यामागची कल्पना. पुढे हार्वर्ड विद्यापीठात १८८० साली पदवी घेतलेल्या तुकडीनं पंचविसाव्या वर्षी, म्हणजे १९०५ साली, एक लाख डॉलर गोळा करून विद्यापीठाला दिले. त्या तुकडीतले एक पदवीधर तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष होते, थिओडोर रूझवेल्ट. तेव्हापासून पंचविसाव्या वर्षी तुकडीनं मोठी भेट द्यायची हा तिथं पायंडाच पडला. आज आपल्याकडे 'रौप्यमहोत्सवी बॅच' म्हणून जे मेळावे होतात, त्यांचं मूळ तिथं आहे.

आपल्याकडची सुरुवात मात्र उलट्या टोकानं झाली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. त्याचे पहिले चार बी.ए. झाले १८६२ साली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि रामकृष्णपंत भांडारकरही. म्हणजे विद्यापीठाला इमारत हवी होती, ग्रंथालय हवं होतं, तेव्हा देणगी मागायला माजी विद्यार्थी फारसे नव्हतेच. मग दिलं कुणी? प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्यानं. अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशातून प्रेमचंद शेठनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचं नाव दिलं, राजाबाई. पुढच्याच वर्षी युद्ध थांबलं, भाव कोसळले आणि शेठ कर्जात बुडाले. पण मनोरा १८७८ साली उभा राहिला तो राहिलाच.

माझे अब्बा पिंजारी होते. खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे, गाद्या-रजया भरून द्यायचे. नाकातोंडात कापूस जाऊन त्यांना कायमचा खोकला जडला होता. राजाबाई टॉवर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बरोबरच्या मित्रानं हा कापसाचा किस्सा सांगितला, आणि मला एकदम वाटलं, या दगडांत शेठचा पैसा आहे, तसा वऱ्हाडातल्या आणि खानदेशातल्या कापूस वेचणाऱ्या बायकांचा हातही आहे. त्यांचं नाव कुठल्या दगडावर असणार! ज्यानं दिलं त्याचं नाव आपल्याला कळतं. ज्याच्याकडून ते आलं त्याचं कळत नाही. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

विद्यार्थ्यांनी स्वतः झोळी घेतल्याची एक जुनी गोष्ट अलीगढची. सर सय्यद अहमद खान यांनी तिथं १८७५ साली शाळा काढली, तिचं कॉलेज झालं आणि १९२० साली विद्यापीठ. सर सय्यद पैशासाठी कुठंही जात. प्रतिष्ठित घराण्यातला हा म्हातारा माणूस कॉलेजसाठी रंगमंचावरसुद्धा उभा राहिला, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. त्यांनी आणखी एक युक्ती केली. लहान देणगी देणाऱ्यांची नावंही आवाराच्या भिंतीत कोरून घेतली. त्यामुळे नवाबाचं नाव जसं दगडावर आलं, तसं एखाद्या साध्या कारकुनाचंही आलं.

याच कॉलेजात १८९० साली साहिबजादा आफताब अहमद खान यांनी मुलांची एक मंडळी उभी केली. तिचं नाव 'अंजुमन-अल-फर्ज़', म्हणजे कर्तव्यसभा. सुट्टीत ही मुलं आपापल्या गावी जात आणि गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी दारोदार वर्गणी मागत. चांगल्या घरची मुलं होती ती. पण आपल्या बाकावर शेजारी बसणाऱ्याची फी भरली जावी म्हणून त्यांनी हात पसरला. पुढे हेच आफताब अहमद खान अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मला या गोष्टीत एक फार आवडतं. ही मुलं पदवी मिळून, नोकरी लागून, पोट भरल्यावर द्यायला निघाली नव्हती. घेत असतानाच देत होती.

पैसा नसलेल्यानं काय द्यावं, याचं उत्तर आपल्या पुण्यात मिळतं. फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली निघालं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यानं वीस वर्षं तुटपुंज्या पगारावर शिकवायचं, असा तिथला दंडक. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा एक मुलगा या कॉलेजात शिकला, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून तो केंब्रिजला गेला आणि १८९९ साली गणितात सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळवणारा पहिला भारतीय. त्या काळी एवढ्या कर्तबगारीवर सरकारी खात्यातली मोठ्या पगाराची जागा चालून आली असती. पण परांजपे फर्ग्युसनला शब्द देऊन गेले होते. ते परत आले, आजीव सदस्याच्या पगारावर शिकवू लागले आणि १९०२ साली आपल्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. माजी विद्यार्थ्यानं काय दिलं म्हणाल, तर आयुष्याची भर वर्षं दिली.

अशीच गोष्ट दिल्लीच्या जामिया मिल्लियाची. असहकाराच्या चळवळीत १९२० साली अलीगढचे काही विद्यार्थी आणि शिक्षक सरकारी अनुदानावरचं कॉलेज सोडून बाहेर पडले आणि त्यांनी जामिया काढली. त्या मुलांत डॉ. झाकीर हुसेन होते. जर्मनीत शिकून १९२६ साली ते आपल्या दोन मित्रांसह, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब यांच्यासह, जामियात परतले तेव्हा संस्था बंद पडायच्या बेतात होती. हकीम अजमल खान हे तिचे मोठे आधार, तेही १९२७ च्या शेवटी गेले. तेव्हा १९२८ साली झाकीर हुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिज्ञा केली की, वीस वर्षं इथंच काम करू आणि महिना दीडशे रुपयांहून जास्त घेणार नाही. प्रत्यक्षात तेवढेही हातात पडत नसत. झाकीरसाहेब १९४८ पर्यंत तिथं कुलगुरू राहिले आणि १९६७ साली राष्ट्रपती झाले. राष्ट्रपती म्हणून आपण त्यांना ओळखतो. मला ते पगार न मिळालेले मास्तर म्हणून जास्त जवळचे वाटतात.

आता साताऱ्याकडे येतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. पुढे ते धनिणीच्या बागेत भरू लागलं. सगळ्या जातींची आणि धर्मांची मुलं तिथं एकत्र राहत, एकत्र रांधत, एका पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यात आले तेव्हा या वसतिगृहाला त्यांच्या हस्ते राजर्षी शाहूंचं नाव दिलं गेलं. आज हे ऐकायला सोपं वाटतं. पण त्या काळात एका विहिरीवर पाणी भरू द्यायला माणसं तयार नव्हती. खुद्द भाऊरावांना विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन वसतिगृहातून बाहेर पडावं लागलं होतं, कारण अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला.

एवढ्या मुलांच्या पोटाचं काय? भाऊराव सुगीच्या दिवसांत खेडोपाडी हिंडायचे आणि धान्य मागायचे. कुणी पायली द्यायचं, कुणी शेर, कुणी ओंजळभर. ज्यांनी आयुष्यात शाळेची पायरी चढली नव्हती, ज्यांची पोरं अजून गुरांमागे होती, त्यांनी दुसऱ्याच्या पोरासाठी ज्वारी दिली. आणि ते धान्यही संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने एकेक करून मोडले. शेवटी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. संस्थेचं मोठं झालेलं रूप त्यांनी पाहिलंच नाही.

पुढे १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज निघालं. मुलांनी काम करायचं आणि त्यावर शिकायचं, हीच 'कमवा आणि शिका' योजना. या कॉलेजच्या नावाची एक गोष्ट आमच्या भागात घरोघरी सांगतात. एका धनिकानं मोठी रक्कम देऊ केली, पण कॉलेजला आपलं नाव द्या म्हणाला. भाऊरावांनी सांगितलं, एक वेळ माझ्या बापाचं नाव बदलेन, पण शिवाजी महाराजांचं नाव बदलणार नाही. रक्कम परत गेली.

पण भाऊरावांनी परतफेड नाकारली असं मात्र नाही. त्यांनी तिला निराळी वाट काढून दिली. लक्ष्मीबाईंच्या नावानं शिक्षणोत्तेजक पतपेढी निघाली. हुशार पण गरीब मुलानं पुढच्या शिक्षणासाठी तिथून कर्ज घ्यावं आणि नोकरी लागली की फेडावं. फेडलेला पैसा दुसऱ्या मुलाच्या हातात जाई. म्हणजे परत द्यायचं, पण ते मागे न जाता पुढे जायचं. आणि माणसंही तशीच परत आली. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे भाऊरावांच्याच वसतिगृहातले विद्यार्थी. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर वकिलीत त्यांना काय कमी पडलं असतं! ते रयतमध्ये आले, शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले, पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. भाऊराव १९५९ साली गेले. साताऱ्यातली रयतची महाविद्यालयं मिळून आता कर्मवीरांच्या नावाचं विद्यापीठ झालं आहे, २०२१ साली. ओंजळीनं मागितलेल्या ज्वारीतून निघालेली ही वाट विद्यापीठापर्यंत जाऊन पोचली.

आमचं वसतिगृह याच वाटेनं चालणारं होतं. अब्बांच्या कमाईत कॉलेज शक्यच नव्हतं. मी रोज तीन तास काम करायचो. मळ्यात दारं धरायची, वाफे करायचे, गोठा झाडायचा. सुगीनंतर खेड्यांतून धान्याची पोती यायची, ती उतरवून कोठीत रचायची. पोत्यावर गावाचं नाव कोळशानं लिहिलेलं असे. माणसाचं नाव नसे. कारण एका पोत्यात दहा-वीस घरांची ज्वारी असायची.

रमजानच्या महिन्यात मला पहाटे उठावं लागे. पहिल्या वर्षी मी कुणाला सांगितलं नव्हतं. पाणी पिऊनच रोजा धरायचो. चार दिवसांनी स्वयंपाकाच्या मावशींच्या ते लक्षात आलं. पाचव्या दिवशी पहाटे मी पाणी प्यायला गेलो तर चुलीजवळ एक पातेलं पालथं घातलेलं होतं. त्याखाली दोन भाकरी, पिठलं आणि कांदा. मावशी मला काही बोलल्या नाहीत, मीही त्यांना काही बोललो नाही. तीन वर्षं, रमजानच्या प्रत्येक पहाटे ते पातेलं तिथं असायचं. बी.ए. झाल्यावर पेढे घेऊन गेलो तर कळलं, मावशी काम सोडून लेकीकडे गेल्या. लेकीचं गाव कुणाला नीट ठाऊक नव्हतं.

आता सांगा, मी परतफेड कुणाची करू? मावशींचा पत्ता नाही. पोत्यातली ज्वारी कुणाच्या घरची, माहीत नाही. इमारतीला पाच लाख दिले तरी ते त्या पातेल्यापर्यंत पोचत नाहीत. माझी अम्मा म्हणायची, उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये. त्या पोत्यांनी आणि त्या मावशींनी ते करून दाखवलं होतं. आणि आम्ही माईकवरून आकडे वाचत होतो.

पण इथं मला माझ्या एका मित्राची बाजूही मांडली पाहिजे. सभागृहासाठी पाच लाख देणाऱ्याची. त्याला सभागृहाला वडिलांचं नाव द्यायचं होतं. मेळाव्यात मला ते दिखाऊ वाटलं. नंतर त्याच्याशी बोललो तेव्हा त्यानं सांगितलं, त्याच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी वडिलांनी ऐन पेरणीच्या तोंडावर बैल विकला होता आणि त्या साली भावकीकडून उसनी जोडी आणून पेरणी केली. "त्यांचं नाव सातबाऱ्याशिवाय कुठं लिहिलं गेलंय रे?" असं तो म्हणाला. मी गप्प झालो. सर सय्यदांनी लहान माणसांची नावं भिंतीत का कोरली, ते तेव्हा मला कळलं. नावाची हौस निराळी आणि नावाची भूक निराळी. भाऊरावांनी परत पाठवला तो हौशीचा पैसा होता.

मोठ्या देणग्यांना मी नावं ठेवत नाही. पवईच्या आयआयटीत १९७३ साली प्रवेश घेतलेल्या नंदन नीलेकणी यांनी संस्थेशी असलेल्या नात्याला पन्नास वर्षं झाली म्हणून २०२३ साली ३१५ कोटी रुपये दिले. त्याआधीचे धरून हा आकडा ४०० कोटींवर जातो. त्याच वर्षी डिसेंबरात १९९८ च्या तुकडीच्या दोनशेहून अधिक जणांनी रौप्यमहोत्सवी मेळाव्यात ५७ कोटी रुपये देण्याचं जाहीर केलं. प्रयोगशाळा, संशोधन, वसतिगृहं यांना पैसा लागतो आणि तो ओंजळीनं जमत नाही, हे खरंच आहे. तरीही या निमित्तानं एक आठवण ठेवावी. १९५८ साली सुरू झालेली ती संस्था वर्षानुवर्षं सरकारी तिजोरीतून चालली. मुलाची फी कमी होती, कारण उरलेला खर्च देश भरत होता. काडेपेटी विकत घेणाऱ्या बाईनंही त्या मुलाच्या पदवीत तिच्या वाट्याचे पैसे घातले होते. पोतं इथंही होतंच. फक्त ते दिसत नव्हतं.

आता शेवटचं, माझ्या वडापवाल्या मित्राचं. मेळाव्यानंतर आठ दिवसांनी मी त्याला फोन केला. निघून का गेलास, हे विचारायचा धीर झाला नाही. तोच म्हणाला, "भाई, त्या महिन्यात गाडीचा हप्ता होता. आणि पाचशे रुपये माईकवर वाचून घ्यायचे म्हणजे..." मग गाडी कशी चालली आहे, असं विचारलं. तो म्हणाला, सकाळच्या फेरीला कॉलेजची पोरं असतात. महिनाअखेरीला त्यांच्याकडे पैसे नसतात. "बस म्हणतो. पेपर बुडायला नको." किती पोरं, किती दिवस, याचा हिशेब त्यानं कधी ठेवलेला नाही. कॉलेजला आपण काही दिलं आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. आमच्या यादीत त्याच्या नावापुढे आडवी रेघ होती.

ही गोष्ट मी तुकडीतल्या चार-पाच जणांच्या कानावर घातली, त्याला न सांगता. थोडी वादावादी झाली. शेवटी असं ठरलं की पुढच्या मेळाव्यात आकडे वाचायचे नाहीत. दाराशी एक बंद पेटी ठेवायची, ज्याला जे जमेल ते त्यानं टाकावं, नाही जमलं तर नुसतं जेवून जावं. त्या पैशातून वसतिगृहातल्या मुलांची खानावळ भरायची. कुणाची भरली ते आम्ही विचारायचं नाही आणि कुणी भरली ते मुलांना सांगायचं नाही. सभागृहाचं अजून नक्की नाही. पण ते झालं तर मित्राच्या वडिलांच्या नावाची पाटी लागावी असं मी स्वतः सांगितलं आहे, आणि त्यावर ते बैल विकणारे शेतकरी होते हेही लिहावं, असंही.

पुढच्या मेळाव्याची तारीख ठरवायला मी वडापवाल्याला फोन केला. रविवार नको म्हणाला. रविवारी बाजार असतो, गाडी भरून जाते. मग आम्ही सोमवार धरला आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)